विश्लेषण : रोमा-सिंतींना न्याय हवा, मग ‘नोंद’ का नको?

युरोपातील सर्वांत मोठ्या वांशिक अल्पसंख्याक समाजाच्या हक्कांसाठी एक आंतरराष्ट्रीय कार्यालय ३० वर्षांहून अधिक काळ काम करत आहे. तिथल्या अधिकाऱ्यांचे मुख्य काम पुरावे गोळा करणे हे आहे. ज्यांच्यासाठी हे पुरावे गोळा होतात, त्या लोकांना मात्र सरकारदरबारी नोंद होण्याचीच धास्ती वाटते. असे का?

२३ फेब्रुवारी २००९. हंगेरीची राजधानी बुडापेस्टच्या दक्षिणेला असलेल्या तातारसेंतग्योर्गी गावात मध्यरात्रीनंतर एका रोमा कुटुंबाचे घर पेटले. घरातून बाहेर पळणारा तरुण बाप आणि त्याचा लहानगा मुलगा ठार झाले. पोलिसांनी सुरुवातीला हा आगीचा अपघात मानला. प्रत्यक्षात दोघांवर गोळ्या झाडण्यात आल्या होत्या. २००८-०९ मधील अशा हल्ल्यांच्या मालिकेत ६ रोमांचा जीव गेला. २०१३ मध्ये ४ आरोपींना दोषी ठरवण्यात आले.

कागदावर ‘अपघात’ एवढाच शेरा कायम राहिला असता, तर वंशद्वेषातून झालेली ही हत्या कोणत्याच आकडेवारीत दिसली नसती. अशा चुकीच्या किंवा न झालेल्या नोंदी शोधणे हे रोमा आणि सिंती समाजासाठी काम करणाऱ्या मानवी हक्क अधिकाऱ्याचे काम असते.

रोमा आणि सिंती कोण आहेत?

युरोपात रोमांची संख्या सुमारे १ ते १.२ कोटी असल्याचा अंदाज आहे. त्यापैकी सुमारे ६० लाख युरोपीय संघाच्या देशांत राहतात. सिंती हा याच समूहातील एक गट असून तो प्रामुख्याने जर्मनी, ऑस्ट्रिया आणि उत्तर इटलीत अनेक शतकांपासून आहे. ‘जिप्सी’ आणि जर्मनमधील ‘त्सिगॉयनर’ हे शब्द या समाजातील अनेकांना अपमानास्पद वाटतात.

त्यांचे पूर्वज हजार वर्षांपूर्वी किंवा त्याही आधी भारतीय उपखंडातून बाहेर पडले, हे भाषा आणि जनुकांच्या अभ्यासातून स्पष्ट झाले आहे. रोमानी ही भाषा मराठी आणि हिंदीच्याच इंडो-आर्य कुळातली आहे. पाण्याला ‘पानी’, माणसाला ‘मनुश’, काळ्याला ‘कालो’, कानाला ‘कान’ आणि वीसला ‘बिश’ असे शब्द त्यात आहेत. बोलीनुसार उच्चार बदलतात. १९७१ मध्ये लंडनजवळ झालेल्या पहिल्या जागतिक रोमा परिषदेत निश्चित झालेल्या ध्वजावरही लाल चक्र आहे.

अधिकारी नेमके काय करतात?

युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटना म्हणजे ‘ओएससीई’. तिचे ५७ सदस्य देश आहेत. या संघटनेचे मानवी हक्कविषयक कार्यालय, म्हणजे ‘ओडिहर’, पोलंडमधील वॉर्सा इथे आहे. १९९४ मध्ये तिथे रोमा आणि सिंती समाजासाठी स्वतंत्र कक्ष सुरू झाला. रुमानियातील रोमा समाजशास्त्रज्ञ निकोलाय घेओर्घे यांनी या कक्षाचे नेतृत्व केले. २००३ मध्ये सदस्य देशांनी घरे, शिक्षण, रोजगार, आरोग्य आणि पोलिसांची वागणूक यांविषयीचा कृती आराखडा मंजूर केला. त्याचे पुढे काय झाले, याचा पाठपुरावा हा कक्ष करतो.

अधिकारी घटनास्थळी जातात, पीडितांशी आणि पोलिसांशी बोलतात, अहवाल लिहितात. इटलीने २००८ मध्ये ‘भटक्यांची आणीबाणी’ जाहीर करून छावण्यांतील लोकांचे बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली, तेव्हा ओडिहरचे पथक मिलान, नेपल्स आणि रोममध्ये गेले होते. इटलीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०११ मध्ये ही आणीबाणी बेकायदा ठरवली. हंगेरीतील हत्यांनंतरही ओडिहरने प्रत्यक्ष पाहणी करून २०१० मध्ये अहवाल दिला. याशिवाय पोलिसांना प्रशिक्षण देणे आणि देशोदेशीच्या द्वेषमूलक गुन्ह्यांची आकडेवारी दरवर्षी प्रसिद्ध करणे हीसुद्धा या कार्यालयाची कामे आहेत.

मग लोक नोंदीला का घाबरतात?

कारण याद्यांचा त्यांचा अनुभव भयंकर आहे. म्युनिकच्या पोलिसांनी १८९९ मध्येच ‘जिप्सीं’वर पाळत ठेवणारे कार्यालय उघडले. १९०५ मध्ये ३ हजारांहून अधिक नोंदी असलेले पुस्तक छापून ते पोलीस ठाण्यांना वाटले गेले. म्हणजे हिटलर सत्तेवर येण्याच्या कितीतरी आधी यादी तयार होती.

१९३६ नंतर रॉबर्ट रिटर या डॉक्टरच्या पथकाने गावोगाव जाऊन वंशावळी लिहिल्या, डोकी मोजली आणि सुमारे २४ हजार लोकांवर ‘वांशिक’ शिक्के मारले. छळछावणीत कोणाला पाठवायचे, हे ठरवताना याच नोंदी वापरल्या गेल्या. सुमारे २३ हजार रोमा आणि सिंतींना ऑशवित्झला नेण्यात आले. त्यांच्यापैकी बहुतेक जण परतले नाहीत. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री तिथे उरलेल्या सुमारे ४ हजार ३०० जणांना विषारी वायूने मारण्यात आले. युरोपीय संसदेने २०१५ पासून हा दिवस स्मृतिदिन म्हणून मान्य केला आहे.

युद्ध संपल्यावरही शिक्का पुसला गेला नाही. १९४३ पूर्वीची कारवाई वांशिक नसून गुन्हेगारी रोखण्यासाठी होती, असा निकाल पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी व फौजदारी न्यायालयाने १९५६ मध्ये दिला आणि अनेकांची भरपाई अडली. रिटरच्या फायली विद्यापीठात पडून होत्या. १९८१ मध्ये सिंती कार्यकर्त्यांनी ट्युबिंगेन विद्यापीठात ठाण मांडले, तेव्हा कुठे त्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेल्या. हा वंशसंहार होता, हे जर्मन सरकारने १९८२ मध्ये अधिकृतपणे मान्य केले.

हे सगळे इतिहासजमा झाले आहे का?

नाही. स्वीडनच्या दक्षिणेकडील पोलिसांकडे ४ हजारांहून अधिक रोमांची यादी असल्याचे २०१३ मध्ये तिथल्या वृत्तपत्राने उघड केले. त्यात लहान मुले होती, मृत व्यक्तीही होत्या. गुन्ह्याशी काहीही संबंध नसलेले अनेक जण केवळ नात्यामुळे त्यात आले होते. पुढे न्यायालयाने पीडितांना भरपाई देण्याचा आदेश दिला. ही यादी आता संगणकावर होती, एवढाच फरक.

आकड्यांमुळे न्याय मिळाला का?

मिळाला, आणि तोही मोठा. चेक प्रजासत्ताकातील ऑस्ट्राव्हा शहरात रोमा मुलांना मतिमंद मुलांसाठीच्या शाळांत घातले जात होते. १८ मुलांच्या वतीने दावा झाला. कायद्यात ‘रोमा’ हा शब्द कुठेच नव्हता. त्यामुळे भेदभाव सिद्ध करायचा कसा, हा प्रश्न होता. वकिलांनी शहरातील शाळांची आकडेवारी गोळा केली. इतर मुलांच्या तुलनेत रोमा मूल अशा शाळेत जाण्याची शक्यता २७ पट अधिक असल्याचे त्यातून दिसले. १३ नोव्हेंबर २००७ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव असल्याचा निकाल दिला.

निकालाने शाळा लगेच बदलल्या नाहीत. याच प्रश्नावर युरोपीय आयोगाने पुढे चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि हंगेरीविरुद्ध कारवाई सुरू केली. २०२३ मध्ये स्लोव्हाकियाला न्यायालयात खेचण्याचा निर्णय झाला. पण आकडेवारी नसती, तर पहिला खटलाही उभा राहिला नसता.

या पेचातून वाट कोणती?

नाव आणि आकडा यांत फरक करणे. ऑस्ट्राव्हाच्या खटल्यात किती मुले कोणत्या शाळेत आहेत, हे महत्त्वाचे होते. स्वीडनच्या यादीत कोण कोणाचा नातेवाईक, हे लिहिले होते. पहिल्या प्रकारात सरकारला जाब विचारता येतो, दुसऱ्यात माणसांवर नजर ठेवली जाते. म्हणून निनावी नमुना पाहणी, स्वेच्छेने दिलेली माहिती आणि ती कोण, कशासाठी, किती काळ ठेवणार याचे बंधन, या अटींवर भर दिला जातो.

दुसरा उपाय म्हणजे नोंदवही समाजाच्याच हातात देणे. जर्मनीतील सिंती आणि रोमांच्या केंद्रीय परिषदेचा सरकारी वांशिक नोंदीला विरोध आहे. तिथे आता ‘मिया’ ही स्वतंत्र नोंदणी यंत्रणा लोकांच्या तक्रारी घेते. २०२२ मध्ये तिच्याकडे ६२१ घटनांची, तर २०२३ मध्ये १ हजार २३३ घटनांची नोंद झाली. या वाढीचे एक कारण म्हणजे अधिक लोक तक्रार द्यायला पुढे येऊ लागले.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

इथल्या विमुक्त आणि भटक्या जमातींना हा पेच नवा नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. नोंदणी, बोटांचे ठसे, रोजची हजेरी आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली सेटलमेंट त्यांच्या वाट्याला आली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. आज त्याच जमाती जनगणनेत स्वतंत्र नोंद मागत आहेत. कारण मोजदादच नाही, तर दाखले आणि योजना मिळणार कशा? बाळकृष्ण रेणके आणि भिकू रामजी इदाते या महाराष्ट्रातील दोन कार्यकर्त्यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगांनाही अचूक आकडेवारीच्या अभावाशी झगडावे लागले.

पुढे काय?

ओडिहरच्या अधिकाऱ्यांकडे ना पोलीस आहेत, ना दंड करण्याचा अधिकार. ओएससीईचे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि देशांची वचने कायद्याने नव्हे, तर राजकीयदृष्ट्या बंधनकारक असतात. अहवालाला वजन येते ते त्यातील पुराव्यामुळे, आणि पुरावा मिळतो तो लोकांनी तोंड उघडले तर. त्यामुळे पीडित कुटुंबाला नाव गुप्त राहील याची खात्री देणे, ही या कामातली पहिली पायरी ठरते. ती चुकली, तर पुढची तक्रार येतच नाही आणि पोलिसांच्या वहीत पुन्हा ‘अपघात’ एवढेच उरते.