आडनाव विचारणारी सोसायटी

पुण्यात बदली होऊन आलेल्या कुटुंबाला एजंट आधी आडनाव विचारतो, मग ‘नॉनव्हेज चालतं का?’ आणि भाड्याची गोष्ट त्यानंतर. ‘आपल्या लोकांत’ घर मिळालं की पालक निर्धास्त होतात. मुलांचा विचार केला, तर हा सौदा महागात पडतो. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये अमेरिकेतल्या सुमारे 7 कोटी फेसबुक वापरकर्त्यांच्या मैत्रीचा अभ्यास केला. जिथे गरीब-श्रीमंतांची मैत्री जास्त, तिथली गरीब मुलं मोठेपणी अधिक कमावतात, असं त्यात दिसलं. अभ्यास अमेरिकेचा आणि उत्पन्नापुरता, हे खरं. पण ओळखीतून वाट सापडते, हे आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला हवं?

नव्या शहरात भाषा, सण, अडीनडीला शेजार हवा, हा आक्षेप रास्त आहे. पण रात्री मूल तापलं तर दार उघडणारा शेजारी लागतो. त्याची जात कोण बघतं? बाजार आपोआप सरमिसळ घडवेल, ही आशा मात्र फोल. कायद्याचाही तिला आधार नाही: समाजापुरतं सदस्यत्व ठेवणारा अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये वैध ठरवला. उलट सिंगापूरने 1989 पासून सरकारी निवासी इमारतींत वंशनिहाय मर्यादा घातली. तिथेही घर विकताना गिऱ्हाईक कमी मिळतं, ही तक्रार आहेच. आपल्याकडे निवड कुटुंबावरच सोडलेली. म्हणून टोकन देण्याआधी संध्याकाळी सहाला पार्किंगमध्ये उभं राहावं आणि वॉचमन, कामवाल्या मावशी यांची मुलं खेळात आहेत की कडेला, एवढं पाहावं. क्लब हाऊस नंतर पाहता येईल.