ताप आणि भ्रम : दिवस मोजून सांगा

घरातील वृद्ध व्यक्तीला ताप आला आणि ती असंबद्ध बोलू लागली, तर ‘वय झाले, तापात बरळतात’ असे म्हणून सकाळची वाट पाहू नका. लघवीचा जंतुसंसर्ग, न्यूमोनिया किंवा रक्तातील सोडियम कमी होणे ही कारणे अधिक वेळा आढळतात, हे खरे. परंतु मेंदूज्वरही याच रूपाने येतो. उतारवयात ताप सौम्य असू शकतो. मान ताठ होण्याच्या लक्षणावरही विसंबता येत नाही, कारण मणक्यांच्या झिजेमुळे अनेकांची मान आधीच आखडलेली असते.

मेंदूज्वर हा एकच आजार नव्हे. म्हणूनच डॉक्टर प्रथम विचारतात, ‘किती दिवसांपासून?’ याचे उत्तर रुग्ण देऊ शकत नाही. ते आपण द्यायचे असते.

काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत प्रकृती ढासळली, त्याआधी कान वाहत होता किंवा न्यूमोनिया झाला होता, तर जीवाणूंचा संशय बळावतो. येथे प्रत्येक तास मोलाचा असतो. चार-पाच दिवसांत स्वभावच पालटला, साधे शब्द आठवेनात, झटके आले, तर हर्पिस विषाणूने मेंदूलाच ग्रासले असण्याची शक्यता असते. त्यावर असायक्लोव्हिर हे औषध आहे आणि ते तपासणीच्या अहवालासाठी न थांबता, संशयावरच सुरू करतात.

क्षयाचा मेंदूज्वर मात्र दबक्या पावलांनी येतो. दोन-तीन आठवडे बारीक ताप, अन्नावरची वासना उडणे, चिडचिड, डोकेदुखी. पुढे उलट्या, एका वस्तूच्या दोन दिसणे आणि ग्लानी. आपल्याकडे क्षय आजही घरोघरी पोहोचलेला आहे, तरी या आठवड्यांत रुग्णाला पित्ताच्या गोळ्या आणि डोकेदुखीचे मलम तेवढे मिळत राहते. मधल्या काळात प्रतिजैविके घेतली असतील, तर त्यांची पाकिटे सोबत न्या. अर्धवट उपचारांनी आजाराचे चित्र पुसट होते.

निदानासाठी पाठीतले पाणी तपासावे लागते. ‘त्याने पाय जातात’ या भीतीने नातेवाईक नकार देतात, आणि हा नकारच महागात पडतो. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या मणक्यांपाशी संपतो. सुई त्याच्या खाली टोचतात. नंतर काही दिवस डोके दुखू शकते, इतकेच बहुधा होते. जीवाणू आणि क्षय या दोहोंत त्या पाण्यातील साखर घटते, विषाणूंमध्ये ती बहुधा टिकून राहते. जीवाणूंच्या संसर्गात न्यूट्रोफिल पेशी वाढतात, इतर दोहोंत सहसा लिम्फोसाइट.

मधुमेही रुग्णात एक मेख आहे. पाण्यातील साखर रक्तातील साखरेच्या साधारण दोन-तृतीयांश असते. रक्तात ३०० असताना पाण्यात ७० आढळली, तर आकडा चांगला दिसतो. प्रत्यक्षात ती घटलेली असते. म्हणून दोन्ही नमुने एकाच वेळी घेतले ना, हे अवश्य विचारा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तेही सुई टोचण्यापूर्वीच सांगा.