मुहूर्त वास्तूचा, परीक्षा वस्तीची

चैत्र शुद्ध प्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी आरंभिलेल्या कार्यास निराळा मुहूर्त पाहावा लागत नाही, ही आपल्या घरोघरची श्रद्धा. साहजिकच नव्या सदनिकेचा बयाणा पाडव्याला द्यावा, जमल्यास त्याच दिवशी नव्या उंबरठ्यावर गुढी उभारावी, असा परिपाठ मुंबईलगतच्या उपनगरांतून रूढ झाला आहे. मुंबईत घर न परवडणारा मध्यमवर्गीय डोंबिवली-बदलापूरकडे वळतो आणि जन्माची पुंजी चार भिंतींत घालतो. म्हणून घराचा प्रश्न केवळ पैशांच्या व्यवहाराचा राहत नाही. अवघ्या गृहस्थाश्रमाचा आधार त्यात गुंतलेला असतो.

डोंबिवलीचेच पाहा. पाडव्याची जी स्वागतयात्रा आज गावोगावी निघते, तिचा प्रारंभ १९९९ साली येथल्याच श्रीगणेश मंदिर संस्थानाने केला. परंतु याच परिसरातील ६५ इमारती पाडण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. बनावट बांधकाम परवानग्या दाखवून त्यांची ‘महारेरा’कडे नोंदणी मिळविण्यात आली होती. त्या घरांतूनही वास्तुशांत झाली असेल, दारी तोरणे लागली असतील. मुहूर्तात खोट नव्हती. खोट कागदांत होती, आणि तिचा भार मात्र रहिवाशांच्या माथी आला.

कायद्याचे पाठबळ नाही असे नव्हे. महारेराचा कारभार २०१७ च्या मे महिन्यापासून चालू आहे. विक्रीकरार नोंदविल्यावाचून विकासकास किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्याच प्रकल्पाच्या जमिनीसाठी व बांधकामासाठी स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते. उद्यान, क्रीडांगण, सभागृह ही आमिषे पूर्वी जाहिरातीत झळकत आणि ताबा मिळताच विरून जात. आता या सुविधांचा तपशील व त्या उपलब्ध होण्याची तारीख करारात नमूद करण्याचा दंडक महारेराने एप्रिल २०२४ मध्ये घालून दिला आहे. तथापि, ६५ इमारतींच्या प्रकरणाने दाखविले की नुसता नोंदणी क्रमांक पाहून भागत नाही. बांधकाम परवानगी खरी आहे की नाही, याची विचारणा थेट महापालिकेत केली पाहिजे.

शिवाय कुंपणाबाहेरच्या सुविधा कोणत्याही विकासकाच्या हातच्या नसतात. कल्याण-डोंबिवलीलगतची २७ गावे १९८३ साली महापालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. या ओढाताणीत टोलेजंग इमारती उठल्या. पाण्याची तक्रार मात्र जुनीच राहिली. आपले पूर्वज आधी पाण्याची सोय पाहत व मग वस्ती करीत. नळाला पाणी किती वेळ येते, शाळा, दवाखाना व स्थानक किती अंतरावर आहे, वृद्ध मातापित्यांना देवदर्शनास पायी जाता येईल काय, हे त्या आळीतल्या जुन्या रहिवाशास विचारावे. माहितीपत्रकापेक्षा त्याचे उत्तर अधिक विश्वसनीय असते.

मुहूर्त अवश्य पाळावा. मात्र बयाणा देण्यापूर्वीचे चार दिवस कागदपत्रांच्या छाननीस द्यावेत आणि ती पुरी झाली नसेल, तर पाडवा टळला म्हणून खंत करू नये. अक्षय्य तृतीया दूर नसते. निर्दोष पायावर उभ्या असलेल्या घरातच गुढी निर्धास्तपणे डोलते.