कुंपणावरची स्नुही

हट्टा परिसरात हळदीस तोटा नाही. आघाडा तर बांधोबांधी आहे. क्षारसूत्राच्या 21 लेपांत हळद शेवटच्या तिनांतच येते, स्नुहीक्षीर मात्र पहिल्यापासून अखेरपर्यंत लागते आणि तेच आम्हांस दुर्मिळ झाले आहे. तारेची कुंपणे आली, काटेरी निवडुंग गेला. क्षीर ताजेच हवे, साठविल्यास गोठते. फड्या निवडुंगास तर दूधच नसते. चरकांनी कल्पस्थानात दोन-तीन वर्षांची स्नुही शिशिरान्ती चिरण्यास सांगितले आहे, म्हणजे लागवड आजच हवी. आमच्या पहिल्या फांद्या काळ्या मातीत, पावसात कुजल्या. पुढे चीर आठवडाभर सुकवून मुरमाड उंचवट्यावर लावल्या, त्या जगल्या. वैद्यबंधूंनी व औषधी दुकानदारांनी परसात चार रोपे राखावीत. चीक डोळ्यांत जाणार नाही, एवढे जपावे.