आभाराची मिस्सा आणि थकलेली मजुरी

नवे घर बांधून झाले, मुलगी परिचारिका होऊन परदेशी गेली, घरचे माणूस दुखण्यातून उठले, की आमच्या धर्मग्रामांत आभाराची मिस्सा सांगितली जाते. प्रथा चांगली आहे. दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच मागे वळला तेव्हा बाकीचे नऊ कोठे गेले असे प्रभूने विचारले होते, हे लूकच्या शुभवर्तमानाच्या १७व्या अध्यायात आम्ही वाचतो. तेव्हा देवाचे आभार मानणाऱ्या कुटुंबाला आपमतलबी म्हणून हिणवणाऱ्या मंडळींशी आमचे जमत नाही. आमची तक्रार निराळी आहे. देवाने दिले, आम्ही धन्यवाद दिले, व्यवहार पुरा झाला, मध्ये तिसरे कोणी नाही, अशी एक समजूत आमच्यात मुरली आहे, आणि ती ख्रिस्ती नाही असे आमचे स्पष्ट मत आहे.

हे आम्ही दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाही. वसईत आम्ही घर बांधले. मे महिन्यात फादरांनी ते आशीर्वादित केले, अंगणात मांडव पडला, आप्तेष्ट आले, आभाराची मिस्सा झाली. जेवणावळ चालू असताना फाटकाशी एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती. जेवणासाठी आली असेल असे समजून कोणीतरी तिच्यासाठी पान वाढून नेले. तिने ते घेतले नाही. "शेट, आमचा पंधरा दिसांचा रोज बाकी हाय," एवढेच ती म्हणाली. तेव्हा आम्हाला ओळख पटली. आमच्याच स्लॅबच्या दिवशी तिने सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घमेली वाहिली होती. आम्ही ठेकेदाराला शेवटचा हप्ता चुकता केला होता, त्याची पावती आमच्याकडे होती, आणि ठेकेदार दुसऱ्या कामावर निघून गेला होता. "बाई, तुमचा हिशेब ठेकेदाराशी," असे आम्ही तिला सांगितले. बोलणे सौम्य होते. पुन्हा ती आली नाही. पाऊस तोंडावर आला होता, आणि जव्हार-मोखाड्याकडची माणसे त्या सुमारास पेरणीसाठी गावी परततात.

सप्टेंबरअखेरीस सामान्य काळातल्या २६व्या रविवारी, तीन वर्षांतून एकदा, याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय मिस्सात वाचला जातो. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि कापणाऱ्यांचा आक्रोश सेनाधीश प्रभूच्या कानी गेला आहे, असा त्याचा आशय. त्या रविवारी तो आम्ही ऐकला. खरे सांगायचे तर प्रवचन काय झाले हे आम्हाला आठवत नाही. पावती मात्र आठवत राहिली.

ठेकेदाराची चूक आमच्या माथी का, असे कोणी विचारील. आम्हीही स्वतःला हेच विचारले. परंतु अनुवादाच्या २४व्या अध्यायातील आज्ञा अडचणीची आहे. मजूर आपल्या लोकांपैकी असो वा परका, त्याची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशांत गुंतलेला आहे. मध्ये कोण होता याची चौकशी तेथे नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने ज्या पापांचा आक्रोश स्वर्गापर्यंत पोहोचतो असे म्हटले आहे, त्यांत हाबेलच्या रक्ताशेजारी मजुराच्या वेतनावरील अन्यायही मांडला आहे. पोप तेराव्या लिओंनी १८९१ साली कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढले, त्यातही याकोबाचे हेच वचन आहे. सव्वाशेहून अधिक वर्षे ही शिकवण आमच्या हाती आहे. घराच्या नकाशावर आम्ही जितका वेळ खर्च केला त्याचा दहावा हिस्साही तिच्यावर केला नव्हता.

येथे एक हरकत हमखास निघते. "आम्ही देतो की! ग्रोटोला दिले, घंटेला दिले, विन्सेंट डी पॉलच्या पेटीत दर महिन्याला टाकतो." देता, यात शंका नाही, आणि ते देणे थांबावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयी १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जो आदेश दिला त्यात एक बारीक अट आहे: न्यायाने ज्याचे त्याला देणे आहे, ते दान म्हणून पुढे करू नये. त्या बाईपुढे आम्ही पान ठेवले ते हेच होते. तिची मजुरी आमच्या भिंतीत होती आणि आम्ही तिला आमचे औदार्य देऊ केले. पुढे १९६७ साली पोप सहाव्या पॉलनी राष्ट्रांच्या विकासावरील परिपत्रकात संत आंब्रोजचा दाखला दिला. गरिबाला तू देतोस ते तुझे नव्हेच, त्याचेच त्याला परत करतोस, असा त्याचा मथितार्थ. आमच्या वर्गणीच्या यादीत हा अर्थ कोठे बसत नाही, कारण यादीत देणाऱ्याचे नाव असते.

दुसरी हरकत अधिक वजनदार आहे, कारण ती पवित्र शास्त्राच्या आधाराने केली जाते. जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करीत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. आमच्याकडे लग्नाच्या खर्चापासून तिसऱ्या फ्लॅटपर्यंत सगळ्याला हे वचन पुरते. परंतु तो अध्याय आहे विधवांविषयी. आपल्या घरच्या विधवांना घरच्यांनी सांभाळावे, म्हणजे ज्यांना कोणीच नाही त्यांना सांभाळायला ख्रिस्तसभा मोकळी राहील, असे सोळाव्या ओवीत लिहिले आहे. ते वचन घराचे दार बंद करून घेण्यासाठी आम्ही वापरतो. आब्राहामाला आशीर्वाद मिळाला तेव्हाही त्याच्याद्वारे पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील, असे त्याच वाक्याच्या ओघात म्हटले होते. पूर्वार्ध आम्ही दिवाणखान्यात टांगतो.

मुंबईच्या गावठाणांतून आमच्या ईस्ट इंडियन बांधवांचा आगेरा होतो. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्या देवळात आशीर्वादासाठी येतात. जेथली खाचरे इमारतींखाली गेली तेथे त्या बाहेरून आणाव्या लागतात, तो विषय वेगळा. प्रथमफळाच्या या अर्पणाचे मूळ अनुवादाच्या २६व्या अध्यायात आहे, आणि तेथे टोपली वेदीपुढे ठेवल्यावर विधी संपत नाही. देवाने दिलेल्या चांगल्या गोष्टींचा आनंद लेवीने आणि तुझ्यामध्ये राहणाऱ्या परक्यानेही तुझ्याबरोबर करावा, असे पुढे सांगितले आहे. आमच्या मांडवात तो परका फाटकापर्यंत आला होता.

आणि परका तरी किती परका! सूर्या नदीवरील धामणी धरणासाठी आदिवासी कुटुंबे विस्थापित झाली, आणि त्या सूर्येचे पाणी वसई-विरारच्या नळांना येते. फादरांनी आमच्या खोल्यांतून शिंपडलेले पाणी त्याच नळाचे. १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत मुले कुपोषणाने दगावली तेव्हा आम्ही वर्तमानपत्रे वाचून हळहळलो होतो. त्याच मुलखातली माणसे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर येतात. आमच्या विटा थापतात, आमची घमेली उचलतात.

त्या बाईचा आम्ही शोध केला. ठेकेदार फोनवर दोनदा सापडला, तिसऱ्यांदा नाही. मुकादमाला तिचे नाव ठाऊक होते, गाव ठाऊक नव्हते. पंधरा दिवसांची रक्कम आमच्याकडे बाजूला काढून ठेवलेली आहे आणि ती कोणत्याही पेटीत टाकण्याचा आमचा इरादा नाही. ती तिची आहे.

धर्मग्राम परिषदेपुढे आम्ही एक सूचना मांडली आहे. घराच्या आशीर्वादाची तारीख वहीत लिहिण्यापूर्वी फादरांनी वा लेखनिकाने घरमालकाला एकच प्रश्न विचारावा: काम केलेल्या सर्वांची मजुरी त्यांच्या हातात पडली काय? शक्य असेल तर गवंडी आणि बिगारी यांनाही त्या दिवशी पंगतीला बोलवावे. एका ज्येष्ठ सभासदांनी हरकत घेतली की अशा प्रश्नाने आनंदाच्या प्रसंगी कुटुंबाला अवघडल्यासारखे होईल. हरकत आम्हाला मान्य आहे. आम्हाला हा प्रश्न कोणी विचारला असता तर आम्हीही अवघडलो असतो, ठेकेदाराला बोलावून घेतले असते, आणि ती बाई पावसाआधी पैसे घेऊन गावी गेली असती.