परतीची बस किती वाजता?

शुक्रवार संध्याकाळ. बिल्ड चालू आहे, कुणाचंच कामात लक्ष नाही आणि टीममध्ये नेहमीचा प्रश्न फिरतोय, "वीकेंडला काय?" एकजण राजगडला चाललाय. दुसरा लोणावळ्याला, पहाटे चारला निघून, म्हणजे ट्रॅफिकच्या आधी पोचता येईल (आणि तशाच पहाटे चारला निघालेल्या बाकीच्या चार हजार लोकांना भेटता येईल). मी म्हटलं, "मी गावी चाललोय. हिंगोलीला. जरा चालायला."

"हिंगोलीला? चालायला? तिथं आहे काय?"

उत्तर देता देता माझी चहाची सुट्टी संपली. म्हणून राहिलेलं इथं लिहितोय.

आधी पत्ता. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पाच तालुके: हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ, सेनगाव. पुण्याहून रात्रभराचा प्रवास. डोंगर म्हणावेत असे डोंगर फारसे नाहीत, कडे नाहीत, धुक्यातले फोटो नाहीत. म्हणजे ज्याला आपण "ट्रेक" म्हणतो त्यातलं जवळपास काहीच नाही. माझं म्हणणं असं की निवांत चालायला यातलं काही लागतही नाही. लागते ती एसटी. नेमकं सांगायचं तर परतीची एसटी.

हे मला कळलं ते अपघातानंच. मागच्या जानेवारीत घरी गेलो होतो. चुलतभाऊ माझी गाडी घेऊन लग्नाच्या खरेदीला गेला आणि माझा शनिवार रिकामा झाला. नरसीला जाऊन बरीच वर्षं झाली होती, म्हणून स्टँडवर जाऊन सेनगावकडे जाणाऱ्या बसमध्ये बसलो. नरसीच्या अलीकडच्या एका फाट्यावर उतरलो आणि पांदणीनं चालायला लागलो. हरभरा घाट्यांवर आला होता, तूर काढून झाली होती, एका धुऱ्यावर ज्वारी उभी होती. एका आजोबांनी न मागता टहाळाची जुडी हातात दिली. हिरवे घाटे सोलत सोलत, काही घाई न करता, दीड तासात नरसीला पोचलो.

नरसी म्हणजे संत नामदेवांचं नरसी. परंपरेनं त्यांचा जन्म १२७० सालचा, आणि तो इथला मानतात. (अभ्यासकांमध्ये "नरसीबामणी" नेमकं कुठलं यावर वाद आहे. पण तो वाद नरसीत उभं राहून घालू नये, एवढं शहाणपण मला आहे.) गावाला लागून कयाधू वाहते. नदीला हिरण्यकश्यपूच्या बायकोचं, म्हणजे प्रल्हादाच्या आईचं नाव! नामदेव इथून पंढरपूरला आणि पुढे पार पंजाबात घुमानपर्यंत गेले. गुरुग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत आणि म्हणून पंजाबातले शीख भाविक अजूनही या गावात येतात. आपण पाच किलोमीटर चाललो की फोनवर आकडा बघून खूश होतो. असो.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडीनं गेलो असतो तर मी काय केलं असतं? गाडी देवळापाशी लावली असती, दर्शन, एक फोटो, आणि परत. फार तर नदीपर्यंत जाऊन आलो असतो, कारण गाडी जिथं लावली तिथंच परत यावं लागतं. गाडी असली की प्रत्येक चालणं म्हणजे लूप. बसनं गेलं की तुम्ही एका फाट्यावर उतरता, पाहिजे तिकडं चालता आणि दुसऱ्याच गावात बस पकडता. मागे काहीच राहिलेलं नसतं. ही गोष्ट इतकी सोपी आहे की गाडी घेतल्यापासूनच्या इतक्या वर्षांत ती माझ्या डोक्यात आली नव्हती.

अशा वाटा आमच्याकडे पुष्कळ आहेत. नमुन्यादाखल तीन सांगतो.

पहिली, खुद्द हिंगोली शहर. ज्यांना सकाळी उठायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी. निजामाच्या काळात इथं हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. छावणी गेली, पण नावं राहिली: पलटन, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार. स्टँडवरून निघून ही नावं विचारत विचारत गेलं की दोन तासांत शहराचा इतिहास पायाखालून जातो. शेवट रामलीला मैदानावर करावा, जिथं दसऱ्याचं मोठं प्रदर्शन भरतं. दसऱ्याच्या दिवसांत गेलात तर चालायची गरज नाही, गर्दीच पुढे नेते.

दुसरी, औंढा नागनाथ. हिंगोलीहून पंचवीसेक किलोमीटर, परभणी-नांदेडकडच्या बस मिळतात. बहुतेक लोक रांगेत उभे राहतात, अरुंद पायऱ्यांनी खाली गाभाऱ्यात जातात आणि वर येऊन निघतात. तुम्ही मात्र देवळाला बाहेरून सावकाश एक फेरी मारा. यादवकाळातलं काम, काळ्या दगडातल्या मूर्ती. नंदी देवळाच्या मागच्या बाजूला का, याची गोष्ट आमच्याकडे पोरासोरांना पाठ असते: नामदेवांना पुजाऱ्यांनी समोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन गायला लागले, तर देऊळच फिरलं. विसोबा खेचर त्यांना गुरू म्हणून भेटले तेही इथंच, असं सांगतात.

याच औंढ्याजवळ दुधाळा शिवारात लायगो-इंडिया होतंय. गुरुत्वीय लहरी ऐकणारी वेधशाळा. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं २६०० कोटी मंजूर केले. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी चार किलोमीटर. तिथं आत फिरता येत नाही, पण अंदाज घ्यायला हरकत नाही: आरामात चाललं तर एक भुजा म्हणजे एक तास. आणि त्या एक तासाच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडला तरी यंत्राला कळणार. ज्या जिल्ह्यात "तिथं आहे काय?" असं विचारतात, तिथं हे आहे.

तिसरी, वसमतची. ही फक्त हळदीच्या हंगामात, साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनापेक्षा वास आधी पोचतो. शेताशेतांत हळद शिजत असते, बाजूला वाळत घातलेली असते. वसमतच्या अलीकडे कुठल्याही थांब्यावर उतरा आणि पुढच्या थांब्यापर्यंत चाला. शेतातून जाताना विचारून जा, एवढंच. नाही कुणी म्हणत नाही, पण विचारावं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं छान, पण एसटीचा भरवसा काय? बरोबर आहे. म्हणूनच शीर्षक तसं दिलंय. उतरताना वाहकाला पहिला प्रश्न: परतीची बस किती वाजता? दुसरा: शेवटची कुठली? मग हेच दोन प्रश्न फाट्यावरच्या टपरीवाल्याला. दोघांची उत्तरं जुळली तर ठीक, नाही जुळली तर टपरीवाल्याचं धरा. रविवारपेक्षा शनिवार बरा, कारण गावांकडच्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या वेळेवर चालतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी कुणी चालत नाही, तुम्हीही चालू नका. पाणी आणि टोपी. बुटांची चर्चा नको, चपलेवर होतं.

एवढं शहाणपण सांगतोय, पण त्या शनिवारी माझीच बस चुकली. दोष पूर्ण माझा. कयाधूच्या काठावर बसलो, वेळ विचारलेली होती तरी बसूनच राहिलो. रस्त्यावर आलो तेव्हा बस वळणावरून जाताना दिसली. पुढची तासाभरानं.

थांब्यावर सकाळची शाळा सुटलेल्या दोन मुली उभ्या होत्या, आठवी-नववीतल्या. त्यांची बस उलट्या दिशेची. बोलता बोलता मी सांगितलं की मी अलीकडच्या फाट्यावर मुद्दाम उतरून चालत आलोय. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं.

"मुद्दाम उतरलाव?"

"हो. फिरायला."

"आमचं गाव फाट्यापासून तीन किलोमीटर आत आहे, काका. आम्ही तर रोजच फिरतो मग."

आणि दोघी खळखळून हसल्या. ("काका" लागलं, पण ते जाऊ द्या.)

त्या हसण्यात टोमणा नव्हता, तरी मला तो बसला. कारण मीही तसाच वाढलोय. फाट्यापासून घरापर्यंत दप्तर घेऊन चालायचो, आणि मागून कुणाची मोटारसायकल गेली की मान खाली घालायचो. चालणं म्हणजे गाडी नसणं. पहिल्या नोकरीच्या पहिल्या बोनसमधून मी बाईक घेतली ती त्यासाठीच. त्या दिवशीही पांदणीवर तिघांनी गाडी थांबवून विचारलं, "काहून पायी चाललाव? गाडी बंद पडली का? बसा की." यात माणुसकी आहेच. पण पायी चालणारा माणूस अडचणीत असतो हा समजही आहे, आणि तो खोटा नाही.

म्हणून मला हे सगळं "ऑफबीट वीकेंड आयडिया" म्हणून लिहायचं नाहीये. आपल्याला जी बस चुकली तर तासभर कंटाळा येतो, ती त्या मुलींची चुकली तर दिवस जातो, आणि कायमची बंद झाली तर कदाचित शाळाच जाते. मानव विकास कार्यक्रमातल्या निळ्या बस मुलींच्या शाळेसाठीच चालतात. मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. म्हणजे बसमध्ये कोण बसतं ते उघड आहे: ज्यांच्या हातात गाडीची किल्ली नाही ते. आणि ज्यांच्या हातात किल्ली आहे, म्हणजे तुम्ही-मी, त्यांना बस कमी झाली की वाढली याचा पत्ताही लागत नाही. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ संप चालला, तेव्हा मी गाडीनं घरी जाऊन आलो आणि संपाबद्दल माझं मत काय होतं, तर "अरे, अजून चालूच आहे का?"

निजामाच्या राज्यात सरकारी बससेवा १९३२ सालीच सुरू झाली. आपली पहिली एसटी, पुणे-नगर, धावली १ जून १९४८ रोजी. म्हणजे या बाबतीत आम्ही मराठवाड्यातले लोक पुणेकरांच्या सोळा वर्षं पुढे होतो, हे एकदा तरी लिहून घेतो! पण एखादी फेरी ठेवायची की काढायची हा हिशेब भारमानावर होतो. गाडीत किती सीट भरल्या, तो आकडा. माझ्या एका तिकिटानं तो आकडा हलत नाही, मला माहितीये. मी इंजिनिअर आहे, मला सरासरी कळते. पण तिकीट काढलं की मी त्या वेळापत्रकाचा युजर होतो. आणि आपला आजवरचा अनुभव काय सांगतो? ज्या सिस्टिमचे बोलके युजर निघून जातात, तिचे बग कुणी नोंदवत नाही. राहिलेले युजर निमूट चालत जातात, तीन किलोमीटर.

घरी म्हातारे आई-वडील असतील, रात्री-अपरात्री दवाखाना असेल, तर गाडी हवीच. मीही विकणार नाहीये. पण वर्षातून दोन-तीनदा आपापल्या जिल्ह्यात जाताच ना? मग तुमचं गाव लातूरकडे असो, वाशीमकडे असो नाहीतर सांगलीकडे, एक शनिवार किल्ली घरात ठेवा. स्टँडवर जा, फलक वाचा, कुठल्यातरी फाट्यावर उतरा आणि पुढच्या गावापर्यंत चाला. बस वेळेवर आली तर टीममध्ये सांगा. नाही आली तर आगारात जाऊन विचारा आणि लेखी द्या, कारण तुम्हाला लिहिता येतं आणि सोमवारपर्यंत वेळही आहे.

त्या दिवशी मुलींची बस आधी आली. चढताना एक म्हणाली, "काका, तुमची येईल आता. फिरत बसू नका."

नाही बसलो.