सगुण सिम, निर्गुण सिम

दिवाळी अंक आला की आमच्या संपादकांचा हात सैल सुटतो. एरवी दीड रकान्यापुढे गेलो तर कात्री दाखवणारे हे गृहस्थ आश्विन लागताच “यंदा जरा ऐसपैस लिहा” असे गोड बोलू लागतात. तेव्हा वाचकहो, कडबोळ्यांचा डबा जवळ ओढून बसा. यंदा एका न दिसणाऱ्या वस्तूची आणि तिच्यापायी माझ्या घरी घडलेल्या प्रसंगाची हकीकत सांगणार आहे.

ती वस्तू म्हणजे ई-सिम. तिचे कूळ सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. पहिली सिमकार्डे १९९१ साली म्युनिकच्या गीसेके अँड डेव्हरियंट या कंपनीने फिनलंडमधल्या रेडिओलिंजा या टेलिफोन कंपनीसाठी तयार केली. मुळात हे कार्ड बँकेच्या कार्डाएवढे होते. पुढे ते २५ बाय १५ मिलिमीटरांचे झाले, मग १५ बाय १२ चे आणि शेवटी १२.३ बाय ८.८ चे, म्हणजे करंगळीच्या नखाशी स्पर्धा करणारे. चष्मा लावूनही ते सापडेना असे झाल्यावर ते एके दिवशी नाहीसेच झाले! आता फोनाच्या पोटात कारखान्यातच एक चिप डाखून बसवलेली असते आणि कंपनीचा नंबर, ओळख वगैरे सारा संसार हवेतून तिच्यात उतरतो. आपण फक्त चौकटी-चौकटींची ती क्यूआर नावाची रांगोळी कॅमेऱ्याला दाखवायची. आमच्या संतांनी सगुण आणि निर्गुण यांचा वाद शतकानुशतके घातला. मोबाइल कंपन्यांनी तो तीस वर्षांच्या आत निकालात काढला.

माझ्याकडे नंबर दोन. पहिला वीस वर्षांचा जुना. बँक, पेन्शन, गॅस, विमा, आधार, सगळीकडे तोच नोंदलेला. तो बदलणे म्हणजे उतारवयात आडनाव बदलण्यासारखे. पण आमच्या आळीत त्या कंपनीचे इंटरनेट गोगलगायीच्या पाठीवरून येते, म्हणून दुसऱ्या कंपनीचा नवा नंबर घेतला. जुन्या फोनात दोन कार्डांची सोय होती. गेल्या वर्षी बंगळूरच्या चिरंजीवांनी नवा अँड्रॉइड फोन पाठवला, त्यात कार्डाचे घर एकच निघाले. दुसरे बिऱ्हाड ई-सिमचे. “बाबा, नवा नंबर ई-सिम करून घ्या,” चिरंजीवांनी फोनवरून फर्मावले.

मी कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. तिथल्या मुलाने दहा मिनिटांत काम केले आणि वर बजावले, “काका, सिम बदललं की चोवीस तास एसेमेस बंद राहतात. घाबरू नका.” मला राग आला. पण त्याने कारण सांगितले तेव्हा निवळला. तुमच्या नंबरचे सिम दुसऱ्याच कोणी लबाडाने काढले, तर बँकेचे ओटीपी त्याच्या हाती जायचे. त्याला एक दिवस तरी ते मिळू नयेत म्हणून हा उंबरठा. ई-सिमची लबाडी तर घरबसल्या होते. “तुमचे सिम बंद पडणार आहे, पाठवलेल्या लिंकवर होकार द्या,” असा मंजूळ आवाज येतो. आपण होकार दिला की आपल्या फोनाची रेघ नाहीशी होते आणि आपला नंबर परक्याच्या फोनात नांदू लागतो. तेव्हा असा आवाज आला तर फोन ठेवावा; आणि विनाकारण रेघ गेली तर दुसऱ्याच्या फोनावरून ताबडतोब कंपनीला, बँकेला आणि १९३० या सरकारी क्रमांकाला कळवावे.

दोन नंबरांचा कारभार अँड्रॉइडवर सोपा आहे. सेटिंगमध्ये नेटवर्क, तिथे सिम. इंटरनेट कोणाचे, बोलणे कोणाचे, एसेमेस कोणाचा, हे ठरवून टाकायचे. मी इंटरनेट नव्याकडे दिले आणि बोलणे जुन्याकडे. एक मात्र ध्यानात ठेवावे. दोन्ही नंबर एकाच वेळी जागे असतात खरे, पण बऱ्याच फोनांत एकावर बोलणे सुरू झाले की दुसरा बहिरा होतो. घराला दारे दोन, पण उघडणारा गडी एकच!

इथवर सारे ठीक होते. मग घड्याळ आले.

मी रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जातो. साताऱ्यात निम्मे पेन्शनर तिथेच भेटतात. फोन घरी ठेवून जाण्याची माझी जुनी खोड. खिशात दगड घेऊन कशाला चढायचे? दोन वर्षांपूर्वी माझ्या हृदयात एक स्टेंट बसल्यापासून ही खोड घरात कोणाला सोसेना. म्हणून चिरंजीवांनी ई-सिमचे घड्याळ पाठवले. ही विद्या खरे तर घड्याळातच आधी आली, २०१६ साली सॅमसंगच्या घड्याळात. फोनात ती गूगलच्या पिक्सेलमधून २०१७ ला उतरली. घड्याळाची गंमत अशी की त्याला वेगळा नंबर नसतो. फोनाचाच नंबर त्याच्यावरही वाजतो. एकाच नंबराची दोन बिऱ्हाडे.

मात्र नंबर एकच! फोन जवळ असेल तोवर ब्लूटूथच्या दोरीने त्याचे दोन्ही नंबर मनगटावर वाजतात. दोरी तुटली, म्हणजे आपण घराबाहेर पडलो, की घड्याळात उतरवलेला तेवढा एक नंबर उरतो. माझ्या जुन्या कंपनीकडे घड्याळाची सोय नव्हती, नव्या कंपनीकडे होती. म्हणून घड्याळात नवा नंबर घातला. दुकानातल्या मुलाने हा फरक मला नीट समजावून सांगितला होता. मी मानही डोलावली होती. चाळीस वर्षे वर्गात अशा डोलणाऱ्या माना पाहिलेल्या माणसाने तरी सावध व्हायला हवे होते.

श्रावणातला सोमवार होता. मी गडाच्या दरवाजाशी पोचलो होतो. इकडे आमची सौ. मागच्या मोरीत पाय घसरून पडली. उजवा हात अंगाखाली आला. भजने ऐकण्यासाठी फोन तिने जवळच्या कट्ट्यावर ठेवला होता, तो डाव्या हाताने ओढून तिने मला लावला. कोणत्या नंबरला? वीस वर्षांच्या सवयीने, जुन्या. नवा नंबर तिच्या फोनात मी कधी घातलाच नव्हता. “इंटरनेटपुरता तर आहे,” असे म्हणालो होतो.

माझा फोन वाजला. बाहेरच्या खोलीत, टेबलावर. मोरीत पडल्या पडल्या तिला तो ऐकू येत होता. तिने तीनदा लावला आणि तीनदा तो तिच्यापासून पंधरा पावलांवर वाजून थांबला.

मग तिने बंगळूरला मुलाला लावला. त्याने मला नव्या नंबरावर. आणि घरापासून अर्ध्या तासाच्या वाटेवर असलेल्या मला ती बातमी बंगळूरमार्गे कळली. तरुणपणी पुण्याला ट्रंक कॉल लावून तासन् तास बसलेला माणूस मी. पण घरातून घराच्या डोंगरावर यायला बातमीने एवढा वळसा घेतलेला तेव्हाही पाहिला नव्हता.

मी कसा उतरलो ते आठवत नाही. मुलानेच शेजारच्या वहिनींना कळवले होते; त्यांनी मागच्या दाराने येऊन तिला उठवून बसवले होते. मनगटाचे हाड मोडले होते. सहा आठवडे प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावले. रिक्षात ती एवढेच बोलली, “फोन वाजत होता हो. मला वाटलं, आत्ता उचलाल.”

दुसऱ्या दिवशी मी १९०० वर पोर्टचा एसेमेस धाडला. जुना नंबर तोच ठेवून त्याची कंपनी बदलायची. कामाचे तीनएक दिवस लागतात. मग घड्याळातून नवा नंबर काढला आणि जुना घातला. फोनात मात्र जुना नंबर मी मुद्दाम प्लॅस्टिकच्या कार्डावरच ठेवला आहे. ई-सिम चोराला उपटून फेकता येत नाही, हा तिचा गुण. पण फोन मेला तर आपल्यालाही ते उपटून दुसऱ्या फोनात घालता येत नाही, पुन्हा कंपनीच्या दारात जावे लागते. कार्ड असले की टाचणी टोचली, काढले, शेजाऱ्याच्या फोनात घातले. आणि फोन दुरुस्तीला देताना एक सांगावे : सगळे पुसायची वेळ आली तर “ई-सिमही पुसू का?” असे फोन विचारतो, तिथे होकार देऊ नये.

ही झाली यंत्राची गोष्ट. खरा धडा एका ओळीचा आहे. घड्याळात तो नंबर घालावा, जो घरातल्या माणसाला संकटात आठवतो. आपल्या सोयीचा नव्हे.

प्लास्टर निघून आता महिना झाला. रोज पहाटे मी गडाच्या दरवाजाशी पोचलो की मनगट थरथरते. “ऐकू येतंय का?” “येतंय.” एवढेच बोलणे, आणि फोन बंद. घड्याळाची बॅटरी त्यापायी लवकर उतरते. परवा मी म्हटले, “अगं, घड्याळ नीट चालतंय. रोज रोज तपासायचं कशाला?”

“घड्याळाचा भरवसा आहे हो,” ती म्हणाली, “तुमचा नाही.”

आपणां सर्वांस दीपावली सुखाची जावो.